जुनी फोर-व्हील जीप घेताना इंजिन कोणते निवडावे?

काळ्या जमिनीत चांगला पाऊस झाला की शिवाराचा रस्ता साध्या पिकअपला बंद होतो. दूध संकलन केंद्रावर वेळेत पोचवायचे असते, टोमॅटोचे क्रेट बाजारात न्यायचे असतात, कधी वस्तीवरचा आजारी माणूस रात्री दवाखान्यात न्यावा लागतो. प्रत्येक वेळी ट्रॅक्टर काढणे परवडत नाही आणि सोयीचेही नसते. अशा वेळी चारही चाकांना ओढ असलेली जीप उपयोगी पडते. नवीन गाडीची किंमत अनेकांच्या आवाक्याबाहेर असल्याने बहुतेक जण जुनी गाडी शोधतात.

जुनी गाडी पाहताना आपले लक्ष रंग, टायर, हूड आणि सीटकडे जाते. त्यानंतर विक्रेता अश्वशक्तीचा आकडा सांगतो व व्यवहार ठरतो. दहा-पंधरा वर्षे चाललेल्या गाडीत टायर, हूड व सीट बदलता येतात. तिचे इंजिन, आणि त्यातही इंजिनात डिझेल फवारणारी यंत्रणा, हीच आपण खरी विकत घेत असतो. ही यंत्रणा आपल्या तालुक्यात दुरुस्त होते की नाही आणि आपल्याकडच्या डिझेलवर व आपल्या फेऱ्यांवर टिकते की नाही, यावर इंजिनाची निवड करावी. अश्वशक्तीचा विचार त्यानंतर करावा.

बाजारात दिसणारी इंजिने

महाराष्ट्रात जुन्या डिझेल फोर-व्हील गाड्यांत महिंद्राच्या गाड्या सर्वाधिक दिसतात, म्हणून येथे मुख्यतः त्यांचाच विचार केला आहे. (मारुती जिप्सी पेट्रोलवर चालते, त्यामुळे ती या लेखात येत नाही.)

सर्वांत जुना गट एमएम ५४० सारख्या जीपचा. त्यांतील अनेकींत प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्याखाली इगतपुरीच्या कारखान्यात तयार झालेले एक्सडीपी ४.९० हे इंजिन आढळते. चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटर बोअर, म्हणून ४.९०. क्षमता २११२ सीसी. या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर न पडता हेडमधील लहान कप्प्यात फवारले जाते व तेथे पेटून खाली येते. त्यामुळे इंजिनाचा आवाज मऊ असतो आणि ते वेगाने फिरते. पण कप्प्याच्या भिंतींत उष्णता वाया जाते, म्हणून डिझेल जास्त लागते आणि थंडीत हीटर प्लग तापवल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही.

दुसरा गट डीआय इंजिनांचा. यात फवारणी थेट पिस्टनच्या डोक्यावरील खळग्यात होते. ट्रॅक्टरच्या इंजिनाची तीच पद्धत. २५२३ सीसीचे हे इंजिन कमांडर, मेजर, बोलेरो अशा अनेक गाड्यांत आले आणि २०१० मध्ये आलेल्या थारच्या डीआय प्रकारात ते टर्बोसह होते. ते खडखडते, हादरते, पण हळू फिरताना चांगले ओढते. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ मानक लागू झाले आणि बीएस-३ मानकाची ही थार डीआय नवीन मिळणे बंद झाले. म्हणून आज ती फक्त जुन्या बाजारातच मिळते.

तिसरा गट कॉमन रेलचा. थार सीआरडीई हे त्याचे ठळक उदाहरण : २४९८ सीसी, १०५ अश्वशक्ती. ही गाडी २०२० पर्यंत आली. ऑक्टोबर २०२० मध्ये नवीन थार आली, तिचे डिझेल इंजिन २१८४ सीसीचे व १३० अश्वशक्तीचे आहे आणि ते बीएस-६ मानकाचे असल्याने धुराच्या नळीत काजळी गाळणारी जाळी आहे. हा चौथा गट समजावा.

फोर्सची गुरखा शोधणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की तिचे इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ या जुन्या इंजिनाच्या घराण्यातले आहे आणि तेच घराणे ट्रॅक्समध्येही आहे. आपल्या भागात ट्रॅक्स दुरुस्त करणारा कारागीर असेल तर जुन्या गुरखाची चिंता कमी.

नावावरून फसू नये

आपल्याकडे ‘डीआय’ म्हणजे साधा पंप असा समज रूढ झाला आहे. तो चुकीचा आहे. डीआय म्हणजे थेट फवारणी, आणि कॉमन रेल इंजिनातही फवारणी थेटच होते. बोलेरोच्या एका इंजिनाचे नावच एमटूडीआयसीआर असे आहे. त्यात डीआय ही अक्षरे आहेत, पण शेवटची सीआर ही अक्षरे कॉमन रेलची आहेत. फोर-व्हील बोलेरो कॅम्पर घेताना ही गफलत हमखास होते.

म्हणून नाव न विचारता बॉनेट उघडून पाहावे. साध्या पंपाच्या इंजिनात पंपापासून चार बारीक लोखंडी नळ्या निघून चार नोझलना जातात आणि नोझलवर विजेची तार नसते. कॉमन रेलमध्ये इंजिनाच्या बाजूने एक जाड आडवी नळी असते, तिच्यातून चार आखूड नळ्या इंजेक्टरना जातात आणि प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर तारेचा प्लग असतो. साध्या पंपावरही कधी एखादी तार दिसते. ती इंजिन बंद करण्याच्या सोलेनॉइडची असते, तिच्यामुळे गोंधळू नये.

अश्वशक्तीचा आकडा काय सांगतो?

एक्सडीपी इंजिन सुमारे ६२ अश्वशक्तीचे आणि थार डीआयचे इंजिन ६३ अश्वशक्तीचे. कागदावर दोन्ही सारखीच. पण एक्सडीपीला ही शक्ती देण्यासाठी मिनिटाला ४५०० फेरे घ्यावे लागतात, तर डीआय तीच शक्ती ३२०० फेऱ्यांवर देते. चिखलातून किंवा चढावर भरलेली गाडी काढताना आपण ४५०० फेऱ्यांवर जात नाही. तेथे कमी फेऱ्यांवरची ओढ, म्हणजे टॉर्क, महत्त्वाचा.

टॉर्कच्या न्यूटन-मीटरला फेऱ्यांनी गुणून ७१२० ने भागले की त्या वेगाला इंजिन किती अश्वशक्ती देते ते कळते. एक्सडीपीचा टॉर्क २००० फेऱ्यांवर सुमारे १२० न्यूटन-मीटर, म्हणजे तेथे हाती येते सुमारे ३४ अश्वशक्ती. थार डीआयचा टॉर्क १८०० फेऱ्यांपर्यंत सुमारे १८२, म्हणजे ४६ अश्वशक्ती. सीआरडीईचा टॉर्क त्याच १८०० फेऱ्यांवर २४७, म्हणजे सुमारे ६२ अश्वशक्ती. डीआय आपल्या कमाल वेगाला जेवढी शक्ती देते तेवढी सीआरडीई निम्म्याहून थोड्या अधिक वेगावर देऊन मोकळी होते. मोठा घाट भरल्या गाडीने वारंवार चढायचा असेल, तर हा फरक रोज जाणवतो.

शिवारात मात्र तो तेवढा जाणवत नाही. लो गिअर टाकल्यावर चाकांवरील ओढ सुमारे अडीच पट होते आणि मग चिखलात कमी पडते ती टायरची पकड. चाके जागेवर फिरू लागली की १०५ अश्वशक्तीही तेवढीच निरुपयोगी. दोन मैलांच्या वस्तीवर जाणाऱ्या गाडीसाठी केवळ अश्वशक्तीपोटी जास्त पैसे मोजू नयेत, असे माझे मत आहे.

डिझेलचा ड्रम आणि कॉमन रेल

आता मुख्य मुद्दा. आपल्यापैकी अनेक जण ट्रॅक्टर व डिझेल पंपासाठी ड्रममध्ये डिझेल साठवतात. ड्रम अर्धा रिकामा असला की रात्रीच्या गारव्याने आतल्या हवेतील ओल पत्र्यावर धरते आणि थेंब तळाशी जमतात. त्यात गंज, धूळ व चुकून राहिलेले पावसाचे पाणी मिसळते. हे डिझेल आपण रबरी नळीने ओढून कॅनने गाडीत ओततो.

साध्या पंपाच्या इंजिनात डीआयचे नोझल साधारण दोनशे बारच्या आसपास उघडते, एक्सडीपीसारख्या कप्प्याच्या इंजिनात त्याहूनही कमी दाबाला. घाण गेली तर नोझल गळू लागते, गाडी काळा धूर सोडते, ओढ कमी होते. पण गाडी बहुधा घरी पोचते. नोझल काढून डिझेल पंपाचे काम करणाऱ्या कारागिराकडे न्यावे, तो ते तपासून टोक बदलून देतो. बिघाड हळूहळू वाढतो आणि आपल्याला सूचना देऊन वाढतो.

कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या पुढे जातो, काही इंजिनांत १६०० बारपर्यंत. एवढा दाब धरण्यासाठी आतील भागांमधील फट काही मायक्रॉनचीच ठेवलेली असते. पाण्याचा थेंब तेथे पोचला की डिझेलचे वंगण तुटते, धातू धातूवर घासतो आणि त्याचा कीस रेलमधून चारही इंजेक्टरमध्ये पसरतो. मग एक नोझल बदलून काम भागत नाही. हाय प्रेशर पंप, रेल व चार इंजेक्टर असे सगळेच पाहावे लागते आणि त्याचे बिल जुन्या गाडीच्या किमतीच्या मोठ्या हिश्श्याएवढे होऊ शकते. गाडी उभी राहते ती नेमकी हंगामात, कारण हंगामातच आपण घाईने ड्रममधून डिझेल भरतो.

याचा अर्थ सीआरडीई घेऊच नये असा नाही. ही गाडी शांत चालते, डांबरी रस्त्यावर थकवत नाही, आणि कुटुंब घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी जाणाऱ्यांना ती डीआयपेक्षा नक्कीच आवडेल. पण ती घ्यायची तर टाकी चालू खपाच्या चांगल्या पंपावरच भरावी, फिल्टर चांगल्या बनावटीचा व वेळेत बदलावा आणि फिल्टरखालील पाण्याचा नळ नियमित उघडून पाहावा. ड्रमचे डिझेल तिच्या टाकीत पडता कामा नये. घरात चार माणसे गाडी वापरणार असतील, तर हा नियम सर्वांकडून पाळला जाईल का, याचा विचार आधीच करावा. महामार्गावर बायोडिझेलच्या नावाने विकले जाणारे स्वस्त द्रव तर कोणत्याही इंजिनात टाकू नये.

ड्रम ठेवणेच भाग असेल तर तो आडवा न ठेवता किंचित कलता ठेवावा, भरल्यानंतर एक दिवस स्थिर राहू द्यावा आणि नळी तळापासून चार बोटे वर ठेवावी. हे ट्रॅक्टरच्याही हिताचे आहे.

लहान फेऱ्या आणि बीएस-६

२०२० नंतरच्या गाड्या आता जुन्या बाजारात येऊ लागल्या आहेत. त्यांच्या धुराच्या नळीतील जाळी काजळी अडवते आणि ठरावीक काजळी साठली की इंजिन जास्त डिझेल देऊन ती सुमारे ६०० अंश सेल्सिअसला जाळून टाकते. यासाठी गाडी काही काळ सलग व बऱ्या वेगाने चालावी लागते. घर ते मळा आणि मळा ते डेअरी अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापतही नाही. काजळी साठत जाते, जाळण्याची क्रिया अर्धवट राहते आणि जास्तीचे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते. ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली तर हे कारण असू शकते. अशा गाडीत कमी राखेचे, कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल लागते. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातले ऑइल त्यात ओतू नये.

ज्यांची गाडी आठवड्यातून एक-दोनदा तरी महामार्गावर तासभर चालते, त्यांनी हे इंजिन जरूर घ्यावे. केवळ शिवारापुरती गाडी हवी असणाऱ्यांना मी ते सुचवणार नाही.

पुरात बुडालेल्या गाड्या

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली भागात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड भागात महापूर आला. अशा पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या जिल्ह्यांत विक्रीस येतात. साध्या पंपाचे इंजिन पाण्यात गेले, पण चालू अवस्थेत पाणी ओढले नाही, तर ऑइल-डिझेल बदलून व पंप उघडून ते पुन्हा उभे राहते. सीआरडीईत संगणक आणि तारांचे जाळे आहे. त्यातील सांध्यांना हिरवा गंज चढायला काही महिने लागतात, म्हणून विकताना गाडी उत्तम चालते आणि पुढच्या पावसाळ्यात बंद पडू लागते. सीटखालच्या खाचा, डॅशबोर्डची मागची बाजू व दिव्यांच्या काचेची आतली बाजू टॉर्च लावून पाहावी. सुकलेल्या गाळाची रेघ दिसली तर सीआरडीई स्वस्तात मिळाली तरी सोडून द्यावी.

इंजिन कसे तपासावे

गाडी पाहायला शक्यतो सकाळी लवकर आणि न कळवता जावे. इंजिन सुरू करण्याआधी बॉनेटखाली हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी. मी स्वतः एकदा येथे फसलो आहे. डिसेंबरात पाहायला गेलेली एमएम ५४० एका चावीत सुरू झाली, म्हणून खूष होऊन बयाणा दिला. दुसऱ्या पहाटे माझ्या दारात तिने बॅटरी उतरेपर्यंत चावी खाल्ली. आदल्या दिवशी मी जाण्याआधी ती तापवून ठेवली होती, हे नंतर कळले. हीटर प्लग बदलूनही उपयोग झाला नाही, कारण कॉम्प्रेशनच उतरले होते. शेवटी बोअरिंग करावे लागले.

थंड इंजिन सुरू झाल्यावर थोडा पांढरा धूर चालतो. गरम झाल्यावरही तो राहिला तर डिझेल अर्धवट जळते आहे किंवा पाणी सिलिंडरमध्ये जाते आहे. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले किंवा ऑइल दुधाळ दिसले तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते. काळा धूर साध्या पंपाच्या गाडीत नोझल किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरमुळेही येतो. तेवढ्यावरून गाडी नाकारू नये, किंमत मात्र कमी करावी. इंजिन गरम व चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडून पाहावे. वाफ जोराने धापा टाकत बाहेर येत असेल तर रिंगा व बोअर संपत आले आहेत. किलोमीटरच्या काट्यापेक्षा या झाकणावर अधिक विश्वास ठेवावा.

टर्बो असलेल्या इंजिनात टर्बोची रबरी नळी सैल करून आत बोट फिरवावे. तेलकट ओल चालेल, तेल साचलेले चालणार नाही. सीआरडीईत चावी फिरवल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो की नाही ते पाहावे. तो लागून इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. दिवा लागतच नसेल तर बल्ब काढून बिघाड लपवला असण्याची शक्यता आहे. व्यवहारापूर्वी कॉमन रेल जाणणाऱ्या कारागिराकडे नेऊन स्कॅनर लावावा आणि चारही इंजेक्टरचे परत येणारे डिझेल बाटल्यांत मोजून घ्यावे. एका बाटलीत इतरांपेक्षा खूप जास्त डिझेल आले तर तो इंजेक्टर झिजला आहे. विक्रेता या तपासणीला नाही म्हणाला तर आपणही गाडीला नाही म्हणावे.

फोर-व्हील व लो गिअर टाकून पाहावा, पण कच्च्या रस्त्यावर. कोरड्या डांबरावर चारही चाके जोडून वळण घेतल्यास पुढचे व मागचे गिअर एकमेकांविरुद्ध ताणले जातात.

इंजिन नंबर आणि कागदपत्रे

जुन्या जीपमध्ये इंजिन बदललेले असणे अगदी नेहमीचे आहे. एक्सडीपी काढून डीआय बसवलेले किंवा भलत्याच गाडीचे इंजिन बसवलेले आढळते. इंजिन चांगले चालत असले तरी मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार असा बदल नोंदणी कार्यालयाकडून मान्य करून आर.सी. बुकात नोंदलेला असावा लागतो. इंजिनावर कोरलेला नंबर स्वतः कापडाने पुसून बुकाशी ताडून पाहावा. तो जुळत नसेल तर गाडी नावावर होताना अडचण येते आणि अपघातानंतर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते.

खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०११ ची थार २०२६ मध्ये पंधरा वर्षांची झाली, म्हणजे तपासणी, नूतनीकरण व पर्यावरण कर आला. नूतनीकरण पाच वर्षांसाठी मिळते. कॅम्परसारखी गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर आठ वर्षांनंतर योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर बंदी आल्यापासून तिकडच्या चकचकीत गाड्या आपल्याकडे येऊ लागल्या. अशी गाडी घेताना मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र म्हणजे नमुना २८, आणि महाराष्ट्रात भरावा लागणारा रस्ता कर हे दोन्ही हिशेबात धरावेत. नाव बदलण्यासाठी नमुना २९ व ३० लागतात. गाडीवर कर्ज असेल तर नमुना ३५ बँकेच्या सहीशिक्क्यासह घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

ठरलेल्या किमतीच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावी. गाडी घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर व फॅन बेल्ट बदलावेत, टाकी उतरवून तळातील गाळ धुऊन काढावा आणि रेडिएटर बाहेरून उलट्या बाजूने पाणी मारून स्वच्छ करावा. ही कामे करताना कारागिराजवळ स्वतः उभे राहावे. काढलेला जुना डिझेल फिल्टर फेकण्यापूर्वी त्यातले डिझेल काचेच्या बाटलीत ओतून तासभर ठेवावे, म्हणजे आधीच्या मालकाने गाडीला काय पाजले ते बाटलीच्या तळाशी दिसेल.